डोळा पाहतो, मन जुळविते



हैदराबादेत मुशी नदीच्या उत्तरेस बेगम बाजार नावाची एक जुनी घाऊक पेठ आहे. असफजाही राजवटीत एका बेगमेच्या नावाने ती वसली. भांडीकुंडी, मसाले, सुकामेवा आणि संसाराला लागणाऱ्या शेकडो जिनसा यांच्या खरेदीसाठी आजही गावोगावचे दुकानदार तेथे येतात. दिवाळीच्या तोंडावर या पेठेतील एखाद्या अरुंद गल्लीच्या तोंडाशी नवखा माणूस उभा राहिला, म्हणजे क्षणभर त्याच्यापुढे नुसता झगझगाट असतो. पितळेच्या पराती, तांब्याच्या घागरी, पोलादी डबे, खारकांच्या गोण्या, हातगाड्या, हमालांच्या डोक्यांवरील ओझी, चार लिप्यांतील पाट्या आणि या साऱ्यांमधून वाट काढणारी माणसे, असा तो सगळा कालवा असतो. परंतु हा गोंधळ टिकतो किती? डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घागर घागरीच्या जागी आणि माणूस माणसाच्या जागी दिसू लागतो. ही व्यवस्था लावली कोणी?

डोळ्याने लावली, असे सहज उत्तर येईल. पण डोळ्याची रचना पाहिली, तर त्याच्याकडून एवढ्या मोठ्या कामाची अपेक्षा करता येत नाही. दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या बारा कोटींहून अधिक पेशी असतात. यांतील प्रत्येक पेशी आपल्यापुरता एक ठिपका जाणते. तेथे उजेड किती, रंग कोणता, यापलीकडे तिला काही ठाऊक नसते. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्यात तंतू असतात ते सुमारे दहा लाख. हा ठिपका परातीचा, तो शेजारचा ठिपका परात उचलणाऱ्या हाताचा, असे कोणत्याही तंतूवर लिहिलेले नसते. परातीचे ठिपके परातीकडे आणि हाताचे हाताकडे लावून देण्याचे काम मनाला, म्हणजे मेंदूला, करावे लागते. आणि तो ते इतक्या झटपट करतो, की काम झाल्याचे आपणास कळतही नाही.

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास ज्यांच्यापासून सुरू झाला असे मानतात, ते मॅक्स वर्थायमर हे जन्माने प्रागचे. १९१० साली आगगाडीने प्रवास करीत असता त्यांना एक कल्पना सुचली, ते मधेच फ्रँकफर्ट येथे उतरले आणि चित्रे हलती भासविणारे मुलांचे एक खेळणे त्यांनी विकत घेतले, अशी हकीकत सांगतात. पुढे तेथेच त्यांनी प्रयोग केले. दोन रेघा शेजारी शेजारी, एकीमागून एक, क्षणभर उजळावयाच्या. दोहोंमधील अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाएवढे असले, तर पाहणारा म्हणे, "आधी ही दिसली, मग ती." ते अंतर अगदी थोडे, तीस सहस्रांश सेकंद केले, तर म्हणे, "दोन्ही एकदमच दिसल्या." मात्र ते साठ सहस्रांशाच्या आसपास आणले, की त्याला एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसे. वस्तुतः काहीच सरकत नव्हते. वोल्फगांग कोलर आणि कुर्ट कोफ्का हे पुढे नावारूपास आलेले मानसशास्त्रज्ञ या प्रयोगांत पाहणारे म्हणून बसले होते. १९१२ साली हा निबंध प्रसिद्ध झाला.

हा प्रयोग पाहावयास प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. सणासुदीला बेगम बाजारातील दुकानांच्या पाट्यांभोवती दिव्यांच्या माळा लावतात. त्यांतील दिवे ओळीने लागतात आणि विझतात. पाहणाऱ्याला मात्र उजेड पाटीभोवती धावत असलेला दिसतो. एकही दिवा आपली जागा सोडीत नाही. ते धावणे एकेका दिव्यात शोधून सापडावयाचे नाही, कारण ते साऱ्यांच्या मिळून झालेल्या रचनेत आहे. अवयव आधी आणि त्यांची बेरीज म्हणजे आकृती, या समजुतीला वर्थायमर यांनी येथे धक्का दिला. त्यांच्या पंथाला मराठीत ‘व्यूह मानसशास्त्र’ असे नाव मिळाले आहे, आणि ते मोठे समर्पक आहे. सैनिक तेच असतात; पण ते चक्राकार उभे राहिले म्हणजे चक्रव्यूह होतो, आणि अभिमन्यूची गाठ पडते ती या व्यूहाशी.

मग मन हे व्यूह रचते तरी कोणत्या नियमांनी? १९२३ साली वर्थायमर यांनी त्यांची मांडणी केली. भांड्यांच्या एखाद्या दुकानासमोर उभे राहिले, तर ते सारे नियम एका जागी पाहावयास मिळतात.

पहिला नियम समीपतेचा. फळीवर वीस वाट्या मांडल्या आहेत. दुकानदाराने त्या चारचारच्या राशींनी ठेविल्या, तर गिऱ्हाइकाला पाच राशी दिसतात. सारख्या अंतराने ठेविल्या, तर एक रांग दिसते. दुसरा नियम सादृश्याचा. त्याच रांगेत पितळेच्या आणि पोलादाच्या वाट्या सरमिसळ केल्या, तरी पिवळ्या पिवळ्यांशी आणि पांढऱ्या पांढऱ्यांशी नाते जोडतात. तिसरा सातत्याचा. गल्लीवर विजेच्या तारा एकमेकींना ओलांडून गेलेल्या असतात. जेथे दोन तारा एकमेकींवरून जातात तेथे प्रत्येक तार काटकोनात वळली, असे मानावयास कोणाची हरकत आहे? तरीही नजर प्रत्येक तार सरळ पुढे नेते. चौथा नियम पूर्तीचा. हातगाडीमागे घागर अर्धी झाकलेली असते. पण दुकानात अर्धी घागर आहे असे कोणी म्हणत नाही. उरलेली अर्धी मन आपल्या पदरची घालते.

या पूर्तीचा एक गमतीचा प्रकार श्रोत्यांना घरी करून पाहता येईल. नभोवाणीवर चित्र दाखविता येत नाही, म्हणून ते शब्दांनी सांगितले पाहिजे. काळ्या कागदाच्या तीन वाटोळ्या चकत्या कापाव्या. भाकरीचा चतकोर काढावा त्याप्रमाणे, पण चतकोराहून थोडी अरुंद, एकेक पाचर प्रत्येकीतून काढून टाकावी. मग त्या चकत्या पांढऱ्या कागदावर त्रिकोणाच्या तीन टोकांशी ठेवाव्या आणि त्यांच्या खाचा आतल्या बाजूस, एकमेकींकडे वळवाव्या. मध्ये एक स्वच्छ पांढरा त्रिकोण उमटेल. तो कागदाहून अधिक पांढरा वाटेल आणि त्याच्या कडाही दिसतील. कागदावर तेथे एकही रेघ नाही. इटलीतील मानसशास्त्रज्ञ गाएतानो कानित्सा यांनी १९५५ साली हा त्रिकोण प्रसिद्ध केला. पुढे १९८४ साली माकडांवरील संशोधनात असे आढळले, की दृष्टीचे काम करणाऱ्या मेंदूच्या भागातील काही पेशी अशा नसलेल्या कडांनाही, जणू त्या खऱ्याच असाव्यात, त्याप्रमाणे प्रतिसाद देतात. तेव्हा ही केवळ कल्पनेची भरारी नव्हे. मेंदूच्या पेशींतच ही जुळवाजुळव चाललेली असते.

आकृती आणि पार्श्वभूमी यांचा भेद हा आणखी एक मूलभूत विषय आहे. डेन्मार्कचे एडगर रुबिन यांनी १९१५ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. मध्ये एक पांढरा फुलदाणीवजा पेला. पण काळ्या बाजूकडे लक्ष दिले, की पेला नाहीसा होऊन समोरासमोर दोन चेहरे दिसतात. दोन्ही गोष्टी एकदम दिसत नाहीत, कारण मधली कड एका वेळी एकाच बाजूची होऊ शकते. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या मुलखात असलेल्या बिदरच्या कारागिरांना ही गोष्ट रुबिन यांच्या कितीतरी आधीपासून हाताने ठाऊक आहे. जस्त आणि तांबे यांच्या मिश्रधातूचे भांडे घडवून ते त्यात चांदीची वेलबुट्टी बसवितात आणि बिदरच्या किल्ल्यातील माती वापरून भांडे काळे करतात. काळा रंग चढतो तो मिश्रधातूवर. चांदी तशीच राहते. काळी भूमी मागे सरते, वेल पुढे येते. चांदी तीच होती. तिला आकृती केले ते पार्श्वभूमीने.

आता कोणी विचारील, हे नियम जन्माबरोबर येतात, की शिकून? त्याच गल्लीतील पाट्या या प्रश्नाचा अर्धा उलगडा करतात. उर्दू न जाणणाऱ्याला उर्दूची पाटी म्हणजे काही वळणे आणि काही टिंबे दिसतात. कोणते टिंब कोणत्या वळणाचे, हे त्याला जुळविता येत नाही. जाणणाऱ्याला तेथे सरळ मालकाचे नाव दिसते. सुटी वळणे पाहावयाची म्हटली तरी त्याला ती पाहता येत नाहीत. देवनागरी पाटीवर शिरोरेघ हे काम सोपे करते. एका रेघेखाली जेवढी अक्षरे टांगलेली तेवढा एक शब्द. स्टीफन पामर आणि अर्व्हिन रॉक या अमेरिकी संशोधकांनी १९९४ साली असे प्रतिपादन केले, की जोडलेपण हे समीपतेहून आणि सादृश्याहूनही बळकट आहे. जे एकमेकांना चिकटलेले ते मन आधी एक धरते. आमची शिरोरेघ हेच करीत आली आहे. उलट मोडी लिहिणारे कारकून आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढीत आणि मग तिच्याखाली, शब्द न तोडता, अक्षरे लिहीत जात. तेथे रेघ शब्द दाखवीत नाही. ते वाचणाऱ्याने आपल्या सरावाने वेगळे करावयाचे. म्हणूनच पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल उलगडणाऱ्या अभ्यासकाला अक्षरओळख झाल्यावरही पुष्कळ दिवस घासावे लागते. लिहावयास शिकणारे मूल शिरोरेघ मधेच तोडते किंवा दोन शब्दांवरून एकच ओढते, तेव्हा त्याला निष्काळजी म्हणण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. शब्द हा एक पदार्थ आहे, हे दिसण्याचा सराव त्याच्या नजरेला अजून व्हावयाचा असतो.

उरलेला अर्धा उलगडा अधिक हृदयस्पर्शी आहे. मोतिबिंदू घेऊनच जन्मलेली आणि वेळेवर उपचार न मिळाल्याने अंधत्वात वाढलेली मुले आपल्या देशात आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील प्राध्यापक पवन सिन्हा यांनी दिल्लीच्या डॉ. श्रॉफ धर्मादाय नेत्र रुग्णालयाच्या साह्याने ‘प्रकाश’ नावाचा प्रकल्प उभारला. त्यात अशा मुलांवर शस्त्रक्रिया होतात आणि दृष्टी आल्यावर त्यांना काय दिसते, याचाही अभ्यास होतो. उशिरा दृष्टी आलेल्या तिघांविषयीचा एक निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. चौकोनावर वर्तुळ चढलेले चित्र त्यांना दाखविले, तर ते दोन आकृत्या सांगत नसत; रेघांनी वेढलेला प्रत्येक तुकडा त्यांना निराळी वस्तू वाटे. वस्तूची सावलीही त्यांना वेगळी वस्तू भासे. त्यांना रंग दिसत होते, उजेड दिसत होता, रेघा दिसत होत्या. जुळणी मात्र होत नव्हती. बेगम बाजारात नवख्या माणसाला क्षणभर दिसणारा तो कालवा या लोकांपुढे महिनोन् महिने उभा होता.

त्यांना वाट सापडली ती हालचालीतून. तीच आकृती हलू लागली, की एकत्र सरकणारे भाग एका वस्तूचे, हे त्यांना चटकन उमजे. काही महिन्यांनी स्थिर चित्रांतही त्यांची नजर बसू लागली. याच प्रकल्पातील दुसरा एक निबंध २०१५ साली आला. नुकतीच दृष्टी आलेली नऊ मुले, आणि त्यांच्यापुढे सारख्या लांबीच्या दोन रेघा. एकीच्या टोकांशी बाणांची पाती आत वळलेली, दुसरीच्या टोकांशी बाहेर. आपणा सर्वांना दुसरी रेघ लांब वाटते. त्या मुलांनाही ती लगेच तशीच वाटली. म्हणजे मनाच्या काही खोडी उपजत आहेत, काही सवयी संगतीने लागतात, आणि मोठे झाल्यावरही नजर शिकू शकते. आता शिकण्याचे वय गेले, असे म्हणून एखाद्या अंध मुलाच्या आशेवर पाणी सोडू नये, हा यातून निघणारा व्यवहाराचा धडा आहे. तथापि मोतिबिंदू जितक्या लवकर निघेल तितके बरे, हेही तितकेच खरे.

मार्कलिखित शुभवर्तमानात बेथसैदा गावच्या एका आंधळ्याची कथा आहे. प्रभू येशूच्या हाताचा पहिला स्पर्श झाल्यावर त्याला दिसू लागले. पण माणसे त्याला झाडांप्रमाणे भासली, आणि ती माणसे असावीत हे त्याने ओळखले ते त्यांच्या चालण्यावरून. मग दुसरा स्पर्श झाला, आणि त्याला सारे स्पष्ट दिसू लागले. दिल्लीच्या रुग्णालयातील त्या तिघांची हकीकत वाचली म्हणजे ही जुनी कथा वेगळ्याच प्रकाशात दिसते. उजेड मिळणे ही एक देणगी आणि जे आहे ते जसे आहे तसे जुळणे ही दुसरी देणगी. पहिल्या पाहण्यात दुसरी मिळतेच असे नाही.

आणि ही गोष्ट धडधाकट डोळ्यांच्या माणसांनाही लागू आहे. ज्या नियमाने वाट्यांच्या राशी दिसतात, त्याच नियमाने बाजारात माणसांच्याही राशी दिसतात. टोपी टोपीशी, पागोटे पागोट्याशी, बुरखा बुरख्याशी, लुगडे लुगड्याशी. येथवर काही बिघडत नाही. नजरेला काहीतरी सोय हवीच. बिघडते ते पुढे. हेन्री तायफेल आणि त्यांचे सहकारी विल्क्स यांनी १९६३ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लहानमोठ्या लांबीच्या आठ रेघा दाखवून लोकांना त्यांची लांबी विचारली. चार आखूड रेघांवर एक अक्षर आणि चार लांब रेघांवर दुसरे अक्षर लिहिले, एवढ्यानेच लोकांना दोन गटांतील फरक होता त्याहून मोठा भासू लागला. रेघा बदलल्या नव्हत्या. त्यांवर फक्त नाव पडले होते. निर्जीव रेघांची ही कथा. मग जिवंत माणसांवर जात, धर्म, भाषा यांची अक्षरे उमटली म्हणजे काय होत असेल?

तायफेल हे ज्यू होते. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांचे युद्धकैदी होते. सुटून आले तेव्हा त्यांचे बहुतेक सारे कुटुंब मारले गेले होते. वर्थायमरही ज्यूच. नजर माणसाला नकळत गटांत कशी घालते, हे ज्याने जगाला दाखविले, त्यालाच १९३३ साली अशा एका गटातला म्हणून जर्मनी सोडून अमेरिकेस जावे लागले. त्याच्या शेजाऱ्यांना अनेक वर्षे दिसलेला एक प्राध्यापक, एक बाप, एक मित्र एकाएकी पार्श्वभूमीत विरून गेला आणि वर उरले ते नुसते अक्षर.

यावर उपाय काय? वर्थायमर यांच्या नियमांच्या यादीत आणखी एक नियम आहे, आणि तो येथवर मुद्दाम राखून ठेविला आहे. ज्या गोष्टी एकत्र हलतात त्या मन एक धरते. गर्दीत हमाल आणि त्याच्या डोक्यावरील पोते रंगाने, आकाराने सर्वस्वी निराळे असतात. पण दोन्ही एका चालीने पुढे सरकतात, म्हणून त्यांची जोडी नजरेला सुटत नाही. दिल्लीच्या त्या तिघांना आधी आधार सापडला तो याच नियमाचा. वर्थायमर यांनी त्याला दिलेले जर्मन नाव शब्दशः घेतले, तर त्याचा अर्थ ‘समान नियती’ असा होतो.

बेगम बाजाराजवळच, अफझलगंज भागात, उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुनाट चिंचेचे झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुशीला महापूर आला आणि सुमारे पंधरा हजार माणसे त्यात दगावली. ज्यांना पळावयास वाट उरली नाही, असे सुमारे दीडशे लोक या झाडावर चढले आणि वाचले. खालून पाणी चढत असता शेजारच्या फांदीवरील माणसाच्या डोक्यावर टोपी आहे की पागोटे, हे पाहावयास कोणाची नजर मोकळी असणार? त्या क्षणी झाडावरचे सारे मिळून एकच आकृती होती आणि भोवतालचे पाणी ही तिची पार्श्वभूमी होती. पूर ओसरला, लोक खाली उतरले आणि आपापल्या गल्ल्यांना लागले.

नजर राशी करील. तिचा तो धर्म आहे. परंतु पहिल्या पाहण्यावर निकाल न देता दुसऱ्यांदा पाहणे माणसाच्या हाती आहे. ते दुसरे पाहणे शिकण्यासाठी पुराची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.